दात खाण्यामागचा अडलेला श्वास

‘लेकरू झोपेत दात खातंय, पोटात जंत झाले असतील,’ हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी घरात ऐकलेलं असतं. मग जंताचं औषध दिलं जातं. लहान मुलांचं दात खाणं पुढे वयानुसार कमी होतंच, पण श्रेय त्या औषधाला मिळतं. मला आज बोलायचंय ते मोठ्या माणसांच्या दात खाण्याबद्दल. त्यातही अशा माणसांबद्दल, जी रात्री घोरतात आणि घोरता घोरता ज्यांचा श्वास मधेच थांबतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्यात नारायणगावकडचे एक गृहस्थ आले. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगानं दणकट, मान आखूड. टोमॅटोचा टेम्पो घेऊन माळशेज घाटातून कल्याणच्या बाजाराला जायचं, हा त्यांचा धंदा. तक्रार एवढीच, की गार पाणी प्यायलं की दातांतून कळ जाते. तोंड उघडून पाहिलं, तर दाढा टाकी लावायला झालेल्या जात्यासारख्या सपाट. वरचं कठीण आवरण, म्हणजे एनॅमल, झिजून आतला पिवळसर थर दिसत होता. मी विचारलं, ‘झोपेत दात खाता का?’ उत्तर शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीनं दिलं, ‘कराकरा वाजवतात. शेजारच्या खोलीत ऐकू जातं.’ मी माप घेतलं आणि वरच्या दातांवर रात्री बसवायचा कडक प्लॅस्टिकचा नाइट गार्ड करून दिला. काम झालं, असं मला वाटलं.

तीन महिन्यांनी दोघं परत आले. बाई म्हणाल्या, ‘आवाज कमी झाला डॉक्टर, पण हे मधेच श्वासच घेत नाहीत हो. मी हलवून उठवते.’ मग त्या गृहस्थांनी खालच्या आवाजात सांगितलं, की मागच्याच आठवड्यात घाटात डोळा लागला होता. क्लीनर ओरडला म्हणून वाचलो. घोरता का, दिवसा झोप येते का, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

आता हे घडतं कसं ते पाहू. झोपेत आपल्या घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची जीभ आणि मऊ टाळू मागे पडून श्वासाची वाट अरुंद होते. तिथून हवा जाताना जो आवाज होतो ते घोरणं. वाट पूर्ण बंद झाली की छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. असं निदान दहा सेकंद चाललं, तर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला असे पाच अडथळे आले तर दखल घ्यायची, तीसच्या वर गेले तर आजार तीव्र समजायचा. प्रत्येक वेळी रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. ही जाग इतकी थोडी असते, की सकाळी तिची आठवणही नसते.

या निसटत्या जागेपणीच बहुतेक वेळा दात खाल्ले जातात. निद्रा प्रयोगशाळेत तारा लावून पाहिलं, तर क्रम असा दिसतो: आधी मेंदूत जागेपणाच्या लहरी उमटतात, मग हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यानंतर जबड्याचे स्नायू साधारण सेकंदाला एकदा या लयीत आवळले जाऊ लागतात. जोर असा, की जागेपणी ठरवून चावलं तरी कधीकधी तेवढा लागणार नाही. मिटलेली श्वासाची वाट उघडण्यासाठीच शरीर जबडा हलवतं, असं काही संशोधकांना वाटतं. काहींच्या मते ती नुसती त्या दचकून जागं होण्याची साथ आहे. हा वाद मिटलेला नाही. दात खाणाऱ्या प्रत्येकाला ॲप्निया नसतो आणि ॲप्निया असलेला प्रत्येक जण दात खात नाही, हेही सांगायला हवं. मानसिक ताण, दारू, तंबाखू, नैराश्यावरची काही औषधं यांनीही दात खाल्ले जातात.

मग माझं चुकलं कुठे? कॅनडात २००४ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲप्निया असलेल्या दहा जणांना वरच्या दातांवर असाच गार्ड देऊन त्यांची झोप तपासली. त्यांतल्या पाच जणांचे श्वासाचे अडथळे पन्नास टक्क्यांहून अधिक वाढले. दहा माणसांवरून सरसकट नियम करता येत नाही, पण सावध व्हायला एवढं पुरे. गार्ड दात वाचवतो. श्वासाची वाट तो मोकळी करत नाही, क्वचित आणखी अडवतो.

म्हणून दात झिजलेत असं कुणी सांगितलं, तर घरच्यांना विचारा: घोरणं मधेच थांबून एकदम घुसमटल्यासारखा आवाज येतो का? सकाळी डोकं जड, तोंड कोरडं असतं का? रात्री लघवीला वारंवार उठावं लागतं का? औषधं चालू असूनही रक्तदाब हटत नाही का? आपल्या घोरण्याचा साक्षीदार आपण कधीच नसतो, त्यामुळे बायकोचं किंवा नवऱ्याचं बोलणं इथे तपासणीइतकंच मोलाचं. आणि हा फक्त लठ्ठ पुरुषांचा आजार नव्हे. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही तो वाढतो.

आमच्या टेम्पोवाल्यांची रात्रभराची झोपेची चाचणी केली, तर तासाला चाळीसच्या वर अडथळे निघाले. उपचार सुरू होऊन दिवसाची झोप जाईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं मी बजावलं. तोवर धाकट्या भावानं टेम्पो चालवला. त्यांना सीपॅप यंत्र दिलं. हे यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं; सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते प्रथम जगापुढे आणलं. आजार सौम्य असेल, तर खालचा जबडा थोडा पुढे धरणारं उपकरण आम्ही दंतवैद्य करून देतो. ते साध्या गार्डहून वेगळं. वजन उतरवणं, रात्रीची दारू सोडणं, कुशीवर झोपणं यांचाही उपयोग होतो.

मास्कला त्यांनी पहिले पंधरा दिवस शिव्या घातल्या. गावात रात्री वीज जाते, म्हणून वेगळी बॅटरी घ्यावी लागली. सीपॅपनं काहींचं दात खाणंही कमी होतं, सगळ्यांचं नाही. यांचं बरंच कमी झालं. झिजलेल्या दाढांवर कॅप बसवायचं काम मी त्यानंतरच, पाच महिन्यांनी हाती घेतलं. आधी बसवल्या असत्या, तर त्याही त्यांनी चावून फोडल्या असत्या.