ताप गेला, कंबर राहिली

ताप उतरला म्हणजे आजार संपला, असे आपण समजतो. पण चिकुनगुन्या होऊन गेलेल्या माणसास विचारावे! १९५२-५३ साली टांगानिकात हा रोग ओळखला गेला, तेव्हा तेथील माकोंडे भाषेतूनच त्यास नाव मिळाले. अर्थ, ‘वाकवून टाकणारा’. १९७३ साली आपल्या बार्शीत त्याची साथ आली आणि २००६ साली महाराष्ट्राने त्याचा पुन्हा अनुभव घेतला. ताप आठवड्याभरात जातो. सांध्यांचे, आणि पुष्कळदा पाठीकमरेचे दुखणे मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते.

मग उपायांची गर्दी होते. एक म्हणतो निजून राहा, दुसरा पट्टा बांधतो, तिसरा यंत्राने शेकतो, चौथा व्यायाम सांगतो. ज्याचे पोट रोजमजुरीवर आहे, त्याला यांतली निवड चुकणे परवडत नाही.

प्रथम विश्रांती. ताप असता ती हवीच, पण पुढे? १९९५ साली हेलसिंकीतील एक पाहणी प्रसिद्ध झाली. कंबर धरलेल्या १८६ जणांपैकी काहींना दोन दिवस निजविले, काहींना पाठीचे व्यायाम दिले, उरलेल्यांस झेपेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. लवकर सुधारले ते हे शेवटचे. ते रोगी विषाणूज्वराचे नव्हते, हे खरे. परंतु पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, ही गोष्ट दोहोंकडे सारखीच.

आता पट्टा आणि यंत्रे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसंबंधी जो सल्ला दिला, त्यात कमरपट्टा, ट्रॅक्शन व अल्ट्रासाउंड यांची शिफारस नाही. व्यायाम व मालिश यांची आहे. गरम पाण्याच्या पिशवीने घटकाभर बरे वाटते, ते जरूर घ्यावे. मात्र त्या घटकेचा उपयोग हालचालीसाठी करावा.

व्यायामातही तारतम्य हवे, कारण ज्वरानंतर शक्तीची गंगाजळी आटलेली असते. उताणे निजून एकेक गुडघा पोटाशी घ्यावा, अंगणात चार फेऱ्या माराव्यात, एवढ्यावर आरंभ करावा. दुसऱ्या दिवशी थकवा किंवा वेदना वाढली तर मात्रा कमी करावी; न वाढली तर हळूहळू चढवावी. पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला किंवा ताप उलटला, तर मात्र व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा.

सारांश, उपचार विकत घेण्यापूर्वी आपण एकच विचारावे : याने मी उद्या अधिक हिंडूफिरू लागेन काय?