शिक्षकाची नजर आणि शिस्तीचा शेरा
(लेखांक सहावा)

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि मुलांनी कोणत्या शाळेची पायरी चढावी हा प्रश्न निदान कायद्यापुरता सुटला. वर्गात बसल्यावर त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, हा प्रश्न मात्र कोणत्याही निकालाने सुटण्याजोगा नव्हता. निकालानंतरच्या वर्षांत दक्षिणेकडील राज्यांनी कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करताना तेथील हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना घरी बसवले. आजही सार्वजनिक शाळांतील दर दहा शिक्षकांपैकी सुमारे आठ गोरे आहेत, तर विद्यार्थ्यांत गोऱ्या मुलांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे.

या परिस्थितीत पूर्वग्रह म्हणजे उघड द्वेष असे समजून चालत नाही. मानसशास्त्रात ज्याला अव्यक्त पूर्वग्रह म्हणतात, तो माणसाच्या जाहीर मतांशी विसंगत असू शकतो. स्वतःला मनापासून समतावादी मानणाऱ्या शिक्षकाच्याही क्षणिक निर्णयांत तो उतरतो, आणि शिक्षकाला दिवसभरात असे निर्णय असंख्य वेळा घ्यावे लागतात.

रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने फार मोलाचा आहे. मध्यपश्चिमेतील एका मोठ्या शहराच्या १९ शाळांतील ११,००१ विद्यार्थ्यांच्या १९९४-९५ या वर्षातील शिस्तीच्या नोंदी त्यांनी तपासल्या. गोऱ्या मुलांना कार्यालयात पाठवण्याची कारणे होती धूम्रपान, न विचारता शाळेबाहेर जाणे, मोडतोड आणि शिवीगाळ. कृष्णवर्णीय मुलांच्या नावापुढे मात्र अनादर, जास्त गोंगाट, धमकी, रेंगाळणे असे शेरे अधिक आढळले. मोडलेला बाक कोणालाही दाखवता येतो, पण अनादर दाखवता येत नाही, तो ज्याला जाणवतो त्यालाच दिसतो. एखाद्या मुलाने विचारलेला ‘का?’ एका शिक्षकाला जिज्ञासा वाटतो आणि दुसऱ्याला उलट उत्तर. कुटुंबांच्या आर्थिक स्थितीचा हिशेब धरूनही ही तफावत नाहीशी झाली नाही. तिचा उगम मुख्याध्यापकांच्या कार्यालयात नसून मुख्यतः वर्गातून मुलाला तेथे पाठवण्याच्या निर्णयात होता, हा या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष म्हणावा लागेल.

नजरेची ही गोष्ट प्रत्यक्ष मोजलीही गेली आहे. येल विद्यापीठातील वॉल्टर गिलियम यांच्या चमूने २०१६ मध्ये बालवर्गाच्या शिक्षकांना चार मुलांची चित्रफीत दाखवून, दंग्याची चिन्हे दिसतात का ते पाहण्यास सांगितले आणि त्यांच्या बुबुळांची हालचाल यंत्राने टिपली. चित्रफितीत दंगा मुळीच नव्हता. तरीही शिक्षकांची नजर सर्वाधिक वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळली, आणि यात कृष्णवर्णीय शिक्षकही अपवाद नव्हते. ज्याच्यावर सतत पहारा असतो त्याचीच चूक आधी सापडते, आणि सापडलेली चूक पहाऱ्याचे समर्थन करते, असे हे दुष्टचक्र आहे.

हे चक्र दुसऱ्या चुकीला अधिक घट्ट आवळले जाते. जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी २०१५ मध्ये शिक्षकांना एका विद्यार्थ्याच्या दोन किरकोळ चुकांची नोंद वाचायला दिली. नोंद तीच, फक्त नाव काहींसाठी कृष्णवर्णीय वळणाचे, तर काहींसाठी गोऱ्या वळणाचे. पहिल्या चुकीला फारसा फरक पडला नाही, पण दुसऱ्या चुकीनंतर कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या मुलाला अधिक कडक शिक्षा सुचवली गेली, कारण त्याच्या दोन चुका जोडून त्याचा स्वभावच तसा असल्याचे शिक्षकांनी ठरवून टाकले.

पूर्वग्रह मनातून काढून टाका, असे शिक्षकाला नुसते बजावून फारसे काही साधत नाही. ओकोनोफुआ यांनीच सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील पाच शाळांत ३१ गणित शिक्षकांवर केलेल्या प्रयोगाचा भर वंशभेदावरील उपदेशावर नव्हता. मूल असे का वागते हे समजून घेऊन आणि त्याच्याशी नाते टिकवून शिस्त कशी लावावी, यावर मजकूर त्यांच्यापैकी काहींना वाचायला दिला आणि त्यावर स्वतःचे विचार लिहायला सांगितले. त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचे वर्षभरातील निलंबनाचे प्रमाण ४.८ टक्के राहिले, तर इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांत ते ९.६ टक्के होते. एकाच प्रयोगावर सारी मदार ठेवणे योग्य नसले, तरी शिक्षकाची वागण्याची रीत बदलू शकते एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

रीत बदलण्याचा दुसरा मार्ग म्हणजे शेऱ्याचा शब्दच काढून घेणे. ‘हेतुपुरस्सर अवज्ञा’ या सैल सबबीखाली मुलांना निलंबित करण्यावर लॉस एंजेलिसच्या शाळा मंडळाने मे २०१३ मध्ये बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी तसा कायदा केला.