लवंगतेल आणि दातातली भिंत

दाढ ठणकू लागली की लवंग दाताखाली धरावी, हा उपाय गोव्यात वाळपईपासून पेडण्यापर्यंतच्या घरांत परिचयाचा आहे, आणि त्या लवंगेतला मुख्य घटक, युजेनॉल, दंतवैद्यकातही दीर्घकाळ वापरात आहे. लवंगतेलात बहुधा 70 ते 90 टक्के असणारे हे द्रव्य जिंक ऑक्साइडच्या पांढऱ्या पुडीत मिसळून काचेच्या जाड पट्टीवर पातीने घोटले की लुकणासारखा लगदा होतो, जो तोंडातल्या उबेने व ओलाव्याने अधिकच लवकर घट्ट होतो. दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरताच येणारा तो ओळखीचा वास पुष्कळदा याचाच असतो.

दातात भरलेले हे सिमेंट घट्ट झाले तरी युजेनॉल कायमचे जखडले जात नाही. दाताच्या कठीण कवचाखालच्या डेंटिन या थरात दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नलिका असतात. त्यांतल्या ओलाव्याने जस्त व युजेनॉल यांचे बंध सुटत जातात आणि मोकळे झालेले युजेनॉल आतल्या दंतमज्जेकडे, म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू व रोगप्रतिकारक पेशी असलेल्या मऊ ऊतीकडे, झिरपू लागते. वाटेत डेंटिनमधले कॅल्शियम त्याला धरून ठेवते, त्यामुळे भरणीला खेटून लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास असलेले त्याचे प्रमाण मज्जेच्या कडेला शंभराव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली येते.

खरी मेख या फरकात आहे. विरळ युजेनॉल मज्जातंतूंचे संदेश मंदावते, ठणका वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते आणि, निदान प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत तरी, जंतू गिळणाऱ्या महाभक्षक पेशींकडून होणारा दाहकारक प्रथिनांचा स्राव घटवते. तीव्र युजेनॉल मात्र पेशींचे पटलच विस्कटते. कीड मज्जेपर्यंत पोचून मधली डेंटिनची भिंत उरली नसेल, तर तेलात भिजवलेला कापसाचा बोळा थेट जिवंत ऊतीला भिडतो, दाह रेंगाळतो आणि ऊती मरू शकते. मेलेली मज्जा दुखत नाही, म्हणून ठणका थांबणे ही बरे झाल्याची खूण मानता येत नाही.

अ‍ॅलर्जीची गोष्ट निराळी. काही थोड्या व्यक्तींत युजेनॉल शरीरातल्या प्रथिनांना चिकटते, टी-पेशी ही जोडी परकी म्हणून लक्षात ठेवतात आणि पुढच्या संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी हिरडी लाल होऊन सुजते. सत्तरी तालुक्यात काजूबियांच्या टरफलातल्या तेलाने हातांवर उठणारे फोड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा उशिरा येणारा दाह अगदीच अनोळखी वाटणार नाही, फक्त ते तेल मुळातच त्वचा भाजणारेही असते.

सिमेंटच्या वर पांढरी राळेची भरणी करायची असल्यास दंतवैद्य युजेनॉल टाळतात, कारण राळ घट्ट करणारी मुक्त मूलके ते पकडून ठेवते. आणि मज्जा उघडी पडली असेल तेथे थेट तिच्यावर ठेवण्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइडसारखे दुसरे द्रव्य निवडले जाते.