कामगार संघटना : वेतन, रोजगार आणि प्रवेशाचे दार

मालक आणि कामगार परस्परांच्या संमतीने मजुरी ठरवितात, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सांगितलेले असते. व्यवहारात मात्र एक कामगार गेला तर मालकाला दुसरा मिळतो. काम गेलेल्या कामगाराच्या घरची चूल मात्र लगेच विझते. एकट्याने पगारवाढ मागितली तर ती विनंती ठरते. हजारोंनी मिळून मागितली की मालकाला चर्चेला बसावे लागते. संघटनेची सारी ताकद एवढ्याच गोष्टीत आहे. आम्हा बँक कर्मचाऱ्यांचा पहिला द्विपक्षीय करार १९६६ साली झाला. तेव्हापासून वेतनश्रेणी देशपातळीवर वाटाघाटींतून ठरू लागली. लिपिक कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, याचा तिच्याशी संबंध उरला नाही.

परंतु संघटना वेतन वाढविते ते तिच्या दाराच्या आत असलेल्यांचे. दाराबाहेर कोण राहिले, हा प्रश्न परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी चांगली होती. तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या भीतीने स्पृश्य कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. त्यामुळे आपली माणसे कमी मजुरीच्या कामांत अडकून पडली. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी ही मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडली. त्यांनी ती मान्य केली, पण नाइलाजाने.

संघटनेमुळे रोजगार घटतो, असाही एक आक्षेप आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. मजुरी वाढली की मालक यंत्रे आणतो, कामे कंत्राटाने देतो किंवा संघटना नाही तेथे माल करून घेतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कापडाचे उत्पादन त्याआधीपासूनच यंत्रमागांकडे वळू लागले होते; संपाने त्याला वेग आला. हजारो कामगारांना पुन्हा कामावर जाता आले नाही. मात्र सर्वच गिरण्या संपामुळे बुडाल्या असे म्हणता येणार नाही. जुनी यंत्रे, घटलेली गुंतवणूक, जमिनीच्या वाढत्या किमती हीही कारणे होती. आपल्या कोल्हापूरची शाहू मिल २००३ साली बंद पडली, तेव्हा त्या संपाला वीस वर्षे उलटून गेली होती.

मग संघटनाच नको काय? बाबासाहेबांचे उत्तर तसे नव्हते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप घडविला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी मालकांना संघटनांना मान्यता द्यावयास लावणारे विधेयक आणले. संघटनेच्या कक्षेत न येणाऱ्या असंघटित मजुरांसाठी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. म्हणजे आत असलेल्यांसाठी संघटना आणि बाहेर राहिलेल्यांसाठी कायदा, असा हा दुहेरी मार्ग होता.

आज अस्पृश्यतेच्या नावाने कारखान्याचे दार बंद होत नाही. कंत्राट पद्धतीने होते. एकच काम करणारे दोघे, एक कायम आणि एक कंत्राटी, आणि दोघांच्या पगारात मोठी तफावत. सफाईच्या कामात तर आपल्या समाजातील माणसे आजही मोठ्या संख्येने आहेत. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने अशाच कंत्राटी सफाई कामगारांना एकत्र करून वर्षानुवर्षे न्यायालयात लढा दिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने सुमारे २,७०० कामगार महापालिकेत कायम होण्याचा मार्ग मोकळा झाला.

म्हणून आपल्यापैकी जे नोकरीत कायम आहेत, त्यांच्यावर विशेष जबाबदारी येते. आपल्या युनियनच्या मागणीपत्रात आपल्याच कार्यालयातील कंत्राटी झाडूवाल्याचा, शिपायाचा, पहारेकऱ्याचा प्रश्न असतो काय, हे प्रत्येकाने तपासावे. नसेल तर पुढच्या सभेत उठून तो मांडावा. बाबासाहेबांनी १९२८ साली तेच केले होते.

जय भीम!