दुकानासाठीं छायाचित्रें

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस छायाचित्रणाची हौस आहे, त्यांस एखादा ओळखीचा दुकानदार म्हणतो, "आमच्याही चार भांड्यांचीं चित्रें काढून द्या कीं!" काम सोपें वाटतें, हंडा कांहीं पांखरासारखा उडून जात नाहीं. परंतु पुण्याच्या तांबट आळींत घडलेला तांब्याचा हंडा पाहावा. हातोडीनें ठोकून त्यावर जें मठारकाम करतात, त्यानें पत्रा कठीण होतो व अंगभर चकचकीत खळ्या उमटतात. त्यांतील प्रत्येक खळी म्हणजे एक इवलासा आरसा. उघड्या उन्हांत ते सर्व आरसे एकदम झळकतात, आणि हंडा दिसेनासा होतो!

यास उपाय स्वस्त आहे. हंडा खिडकीच्या बाजूस ठेवून मध्यें धुतलेलें पांढरें धोतर ताणावें. उजेड गाळून मऊ येतो, आणि एका बाजूनेंच आल्यामुळें प्रत्येक खळीची उजळ व काळी कड निराळी दिसते. पलीकडे पांढरा पुठ्ठा उभा केला म्हणजे सावली फार दाट होत नाहीं. खोलींतील पिवळा दिवा मालवावा. दोन रंगांच्या उजेडांत तांब्याचा खरा वर्ण हरपतो. फोनचा कॅमेरा अगदीं जवळ नेल्यास हंड्याचें पोट फुगतें, म्हणून दोन पावलें मागें सरावें.

कांठ किंचित् वांकडा असेल तर तोही दिसूं द्यावा, असें आमचें मत आहे. दूरचें गिऱ्हाईक वस्तु हातीं न घेतांच पैसे धाडतें. दुकानदार कुरकुर करील. परत आलेल्या हंड्याचें टपालहंशील कोणाच्या माथीं बसतें, तें त्यास विचारावें.