साठीचा खेकडा

भाचीच्या सासऱ्यांना गेल्या साली साठ वर्षं पूर्ण झाली. ओसाकाहून तिचा फोन आला. "मावशी, आपल्याकडे साठीशांत करतात ना, तसं इथंही असतं. सगळे मिळून खेकड्याच्या हॉटेलात जेवायला जाणार आहोत." हिवाळ्यात त्यांच्याकडे जायचं माझ्या मनात होतंच. त्या फोननंतर मी तारीख या जेवणाशी जुळवून घेतली, कारण ती बातमी डोक्यातून जाईना. मी अलिबागकडची. खेकडा मला परका नाही. पण आमच्याकडे तो घरच्या कपड्यांत, हात कोपरापर्यंत माखून खायचा. शांतीच्या, बारशाच्या, मुंजीच्या पंगतीत त्याला कुणी बोलावलेलं मी पाहिलं नाही. इथं मात्र घरातल्या मोठ्या माणसाच्या मानाचं जेवण म्हणून तो येणार होता.

साठीचा हिशेब तिकडचा आणि आपला एकच आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. चीनकडून आलेल्या जुन्या कालगणनेत बारा प्राणी आणि दहा चिन्हं यांच्या जोड्या लागत जातात आणि साठ वर्षांनी पहिली जोडी पुन्हा येते. १९६५ साल सापाचं होतं, २०२५ही त्याच जोडीचं सापाचं. आपल्या पंचांगात शके १८८७ विश्वावसू आणि शके १९४७ही विश्वावसू. माणूस जन्मला त्या संवत्सरात परत येतो, म्हणून त्याचा नवा जन्म मानायचा, ही समजूत दोन्हीकडची. जपानी लोक ती शब्दशः घेतात. तान्ह्या बाळाला नजर लागू नये म्हणून पूर्वी लाल कपडे घालत, तसंच लाल बिनबाह्यांचं जाकीट आणि लाल टोपी ते साठीच्या माणसाला घालतात. त्या दिवशी ही जोडी हॉटेलनंच काढून दिली. भाचीचे सासरे कंपनीत आयुष्य काढलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. ते लाल टोपी घालून फोटोला बसले तेव्हा त्यांची आई त्यांच्याकडे बघत राहिली होती. त्या सत्याऐंशीच्या.

ओसाकात खेकड्याचं हॉटेल म्हटलं की पर्यटक दोतोनबोरीला जातात. तिथं कानी दोराकूच्या दर्शनी भिंतीवर पाय आणि डोळे हलवणारा अवाढव्य खेकडा आहे. ते दुकान १९६२ सालचं. त्याच्याखाली फोटो काढणाऱ्यांची गर्दी हटत नाही. पण अशा हॉटेलांचा खरा संसार वरच्या मजल्यांवर, सरकत्या दारांच्या खोल्यांत चालतो. बाळाचा शंभरावा दिवस, तीन-पाच-सात वर्षांच्या मुलांचा नोव्हेंबरातला सण, कुणाची साठी, कुणाची अठ्ठ्याऐंशी. आमचं हॉटेल दोतोनबोरीपासून दूर, एका वस्तीतलं होतं. खोलीत तातामीच्या चटया, पण टेबलाखाली पाय सोडायला खड्डा केलेला, म्हणजे म्हाताऱ्यांना मांडी घालावी लागू नये. दारापासून सगळ्यात लांबची जागा मानाची. तिथं सासरे आणि त्यांची आई. दाराशी सून, म्हणजे आमची भाची. तिच्या शेजारी मी.

आणि दारात किमोनोतली बाई, आमची वाढपीण. तिथं त्यांना नाकाई म्हणतात. वय अठ्ठावन्न, हे तिनंच नंतर सांगितलं. दार सरकवायच्या आधी ती गुडघे टेकायची, आत आल्यावर पुन्हा टेकायची, ताट ठेवून उठायची, जाताना परत गुडघ्यांवर. पाहुण्यांच्या गुडघ्यांसाठी जमिनीत खड्डा खणला आहे, तिच्यासाठी कुणी काही केलेलं नाही. जेवणभर माझं लक्ष त्या गुडघ्यांवरून हललं नाही.

जेवण क्रमाने येतं. उकडलेला गार खेकडा सौम्य व्हिनेगरबरोबर, मग कच्चे पाय, मग वाटीतली वाफवलेली अंड्याची खीर, तीत खेकड्याचे तंतू. कच्चा पाय सोलून बर्फाच्या पाण्यात बुडवलेला असतो. त्यानं मांसाचे धागे फुलून उभे राहतात आणि चव गोडसर लागते. त्यानंतर तिनं छोटी शेगडी आणली, कोळसा फुलवला आणि अर्धं कवच काढलेले पाय वर मांडले. कवच तापून करपायला लागतं तेव्हा जो वास सुटतो, त्यात समुद्र असतो, धूर असतो आणि थोडी भाजलेल्या साखरेसारखी गोडी. तो वास माझ्या शालीला दुसऱ्या दिवशीपर्यंत होता आणि मी ती धुवायला टाकली नाही.

पाय उलटताना ती म्हणाली, "हा एवढा व्हायला दहा वर्षं लागतात." भाचीनं मला मराठीत सांगितलं, मी पुन्हा विचारून घेतलं. दहा वर्षं. हा झुवाइगानी, थंड खोल पाण्यातला लांब पायांचा खेकडा. कात टाकत टाकत हळूहळू वाढतो, आणि नर पूर्ण वाढेपर्यंत साधारण तेवढी वर्षं जातात. शेवटची कात टाकली की वाढ थांबते. पाठीवर काळे दाणे असतील तर लोक खूश होतात. ती समुद्री जळवांची अंडी. कात टाकून बराच काळ झाला, म्हणजे आतलं मांस भरलेलं, अशी त्यावरून परीक्षा. आमच्याकडे चंद्राकडे बघून ठरवतात, अवसेच्या सुमाराचा खेकडा भरलेला, पुनवेचा पोकळ. टेबलावर आम्ही सहा जण होतो. माणशी एक खेकडा धरला तर शेगडीवर साठ वर्षं होती. हे मी मोठ्यानं बोलले नाही, पण त्यानंतर एकही पाय अर्धवट टाकायला हात धजला नाही.

जपान समुद्राच्या पश्चिम भागात नर पकडायची मुभा ६ नोव्हेंबर ते २० मार्च एवढीच. माद्यांची त्याहून कमी, वर्ष सरता सरता ती संपते. बंदराप्रमाणे नावं बदलतात, फुकुईत एचिझेन, सानइन किनाऱ्यावर मात्सुबा, आणि अस्सल असल्याची खूण म्हणून डेंग्याला रंगीत बिल्ला अडकवतात. पण वाढदिवस मोसम बघून येत नाहीत. म्हणून एरवी गोठवलेला, पुष्कळदा परदेशातून आलेला माल वापरतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. जुलैत जन्मलेल्यानं काय साठी करू नये?

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. मधोमध मोठं भांडं आलं. त्यात कोंबू या समुद्री शेवाळाच्या पानांचं हलकं सार, चिनी कोबी, कांद्याची पात, तोफू, आणि वरून पाय. सगळे आपापला पाय घेऊन लांब पातळ चमच्यानं मांस कोरायला लागले आणि बोलणं थांबलं. खेकडा पुढ्यात आला की जपानी माणूस मुका होतो, असं तिथं गमतीनं म्हणतातच. सासऱ्यांच्या आईचे, आजींचे, हात मात्र थरथरत होते. चमचा पायात शिरेना. कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, माझंही. नाकाईचं गेलं. ती आजींच्या बाजूला गुडघ्यांवर बसली, कात्रीनं पायाच्या दोन्ही कडा कापल्या, वरचं कवच उचललं. मग बारीक सांधा हलक्यानं मोडून ओढला. त्याबरोबर आतली पांढरी कडक शीर निघून आली आणि मांस अख्खंच्या अख्खं बशीत उतरलं. दुसरा पाय. तिसरा. एकही तंतू तुटला नाही. आजी म्हणाल्या, आता पुरे. ती म्हणाली, अजून डेंगा राहिलाय, गोड तोच.

माझी आजी अशीच करायची. सगळ्यांना सोलून द्यायची, बारीक पाय पाट्यावर वाटून त्यांचा रस कालवणात घालायची आणि स्वतः शेवटी, गार झालेलं जेवायची. तिच्या कामाला आम्ही माया म्हणत आलो. या बाईच्या कामाला लोक सेवा म्हणतात. दोन्ही नावांखाली मनगटाचं कसब झाकून जातं. कात्री कुठं लावायची, सांधा किती मोडायचा, हे वर्षानुवर्षांचं शिक्षण आहे. बिलात खेकडा लिहिलेला असतो, खोली लिहिलेली असते. हे लिहिलेलं नसतं. आणि ते नसतं तर आजींच्या पानात त्या दिवशी नुसती कवचं उरली असती.

पलीकडच्या खोलीत शंभर दिवसांच्या बाळाचं उष्टावण चाललं होतं. येता-जाता दार उघडं दिसलं. छोट्या ताटात अख्खा ताई मासा, लाल भात आणि एक गोटा. दात दगडासारखे बळकट व्हावेत म्हणून जेवायची काडी गोट्याला लावून ती बाळाच्या हिरडीला टेकवतात. बाळ काही खात नाही. मोठे खेकडा खातात.

शेवटी भांड्यातला गाळ काढून तिनं त्या सारात धुतलेला भात सोडला, फेटलेलं अंडं धारेनं ओतलं, झाकण ठेवलं, आच बंद केली. झाकण कधी काढायचं ते ती बोलता बोलता ठरवत होती, घड्याळाकडे पाहत नव्हती. तेवढ्यात मी भाचीकरवी विचारलं, गाव कुठलं? ह्योगोच्या उत्तर किनाऱ्यावरचं, खेकड्याच्याच बंदरातलं. लहानपणी शाळेतून आलं की उकडलेल्या छोट्या माद्या खाऊ म्हणून मिळायच्या, तेव्हा त्यांना कोण विचारत होतं, म्हणाली. आता त्या दुकानात बघायच्या.

दोन वर्षांनी तिचीही साठी. मुलं आत्तापासून विचारतात, कुठं जायचं?

"मग काय सांगितलंत?"

तिनं झाकण उचललं, पहिली वाटी आजींची भरली. "कुठंही चालेल म्हटलं. खेकडाच खाऊ. फक्त सोलायचा तुम्ही."