घडीची शिडी आणि पेढीमालकाचे कर्तव्य

स्मरणिकेच्या पानांवर बाजारभाव, करआकारणी व वाहतूक या विषयांवर अधिकारी लेखक दरवर्षी लिहीतच असतात. आम्ही मात्र यंदा एका अशा वस्तूविषयी लिहिण्याचे योजिले आहे, की जी प्रत्येक सभासदाच्या दुकानात, वखारीत व घरात आहे, जिच्या खरेदीस वहीत एका ओळीपेक्षा अधिक जागा लागत नाही, आणि जिच्याकडे ती मोडेपर्यंत कोणी निरखून पाहात नाही. ती वस्तू म्हणजे शिडी; त्यातही घडीची शिडी. कोकण-गोव्याकडे शिडीला निसण म्हणतात. दोन पाखांच्या उभ्या राहणाऱ्या शिडीस आमच्याकडील रंगारी घोडा म्हणतात. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलो; यंत्रशास्त्राचा आमचा अभ्यास नाही. तथापि धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य गेल्यामुळे थप्पीवर चढणारी व उतरणारी माणसे आम्ही नित्य पाहिली आहेत, आणि त्या पाहण्यातूनच ही जिज्ञासा उत्पन्न झाली.

प्रथम घडीची आवश्यकता का पडते ते पाहू. आपल्या पेठांतील दुकाने बहुधा अरुंद व खोल. पुढे गादी व काटा, मागे पोत्यांची थप्पी, वर माळा. अशा जागेत दहा फुटांची सरळ शिडी सदा उभी ठेवणे म्हणजे एका माणसाची वाट अडविणे होय. शिवाय सरळ शिडी टेकविण्यास भक्कम भिंत हवी आणि पायथ्याशी मोकळी जागा हवी. शिडी जितकी उंच टेकेल त्याच्या चौथ्या हिश्शाइतका तिचा पाय भिंतीपासून दूर असावा, हा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे बारा फूट उंचीस तीन फूट. ज्या मजल्यावर उतरावयाचे त्याच्या वर शिडीचा तीन फूट भाग राहिला पाहिजे, हा दुसरा नियम. जेथे इतकी जागा नाही, अथवा टेकविण्यास भिंतच नाही, तेथे आपल्याच पायांवर उभी राहणारी आणि काम संपताच मिटणारी शिडी हवी.

ही गरज केवळ आपल्याच पेठांची नव्हे. इंग्लंडात अठराव्या शतकात श्रीमंतांच्या घरी उंच ग्रंथालये झाली, तेव्हा वरच्या फळीवरील ग्रंथ काढण्यास शिडी हवी, परंतु दिवाणखान्यात ती दिसू नये, असा पेच उत्पन्न झाला. थॉमस शेरटन यांचा लाकूडकामाच्या नमुन्यांचा जो प्रसिद्ध ग्रंथ १७९१ ते १७९४ या काळात निघाला, त्यात मेजाच्या पोटात घडी होऊन बसणारी शिडी दाखविलेली आहे. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांच्या ग्रंथालयात एक खुर्ची होती. तिची बैठक उलटून उभी केली की खाली पायऱ्या निघत. पुढे १८६२ साली ओहायो राज्यातील डेटन गावचे सुतार जॉन बाल्सली यांनी घडीच्या घोड्याचे पेटंट घेतले. आज रंगारी खांद्यावर टाकून नेतो ती शिडी याच वंशातील आहे. विसाव्या शतकात लाकडाच्या जागी ॲल्युमिनियम आले व शिडीचे वजन घटले. मूळ कल्पना मात्र फारशी बदलली नाही.

घडी घालण्याचे मार्ग पाहू गेल्यास मुख्यतः तीनच आढळतात. पहिला बिजागरीचा. दोन पाखे माथ्याशी बिजागरीने जोडावयाची. उघडली की घोडा, मिटली की फळी. माळ्याच्या झाकणाला जोडलेली तीन तुकड्यांची शिडी याच जातीची. झाकण खाली ओढले की तुकडे उलगडत जमिनीवर येतात.

दुसरा मार्ग तिरप्या चौकोनाचा. तो समजण्यास दूर जाणे नको. दुकानाचा जाळीचा लोखंडी दरवाजा आपण रोज सकाळी ओढून मिटवितो, त्यात पट्ट्या मोडत नाहीत, केवळ तिरप्या होऊन एकमेकींस बिलगतात. विलायती ग्रंथालयांतील काठीची शिडी याच तत्त्वावर केलेली असे. तिच्या प्रत्येक पायरीची दोन्ही टोके खिळ्यावर फिरत. एक दांडा वर सरकविला की साऱ्या पायऱ्या उभ्या होऊन दांड्यांतील खाचांत लपत आणि हातात केवळ एक काठी उरे.

तिसरा मार्ग सरकण्याचा. दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एका नळीत दुसरी बसवावयाची व प्रत्येक सांध्याला खटका ठेवावयाचा. अशी शिडी मिटली असता हातपेटीएवढी होते व मोटारीच्या मागील पेटीत मावते. परंतु तिच्यात जितके सांधे तितके खटके, आणि एकही खटका अर्धवट बसला तर वरचा सारा भाग घसरतो, हे विसरू नये.

याखेरीज आपल्या घरातील एक साधी वस्तू या शास्त्राचा उत्तम पाठ देते. स्वाध्यायाच्या वेळी पोथी ठेवण्याची जी लाकडी घडीची चौकी असते, ती पुष्कळदा एकाच अखंड फळीतून कोरलेली असते. तिला खिळा नाही, लोखंड नाही. बिजागरी लाकडातच कापलेली. ती उघडता उघडता ठराविक ठिकाणी लाकडावर लाकूड टेकते आणि चौकी आपोआप थांबते. घडीच्या कोणत्याही वस्तूचे मर्म या थांबण्यात आहे. उघडणे व मिटणे हे कौतुकाचे. परंतु कोठे थांबावे हे जिला ठाऊक नाही, ती वस्तू भाराखाली जमीनदोस्त होते.

घोड्याच्या बाबतीत हे थांबविण्याचे काम दोन पाखांना बांधणारी आडवी पट्टी करते. लोक बिजागरी ओढून पाहतात आणि शिडी मजबूत असल्याचा निर्वाळा देतात. वस्तुतः बिजागरी दोन पाखांना माथ्याशी एकत्र ठेवते. पाय फाकू न देण्याचा भार पट्टीवर पडतो. हा भार किती असतो, याचा हिशेब व्यापाऱ्यास सहज उमजेल असा आहे. घोडा सहा फूट उंच, दोन पायांत चार फुटांचे अंतर आणि माथ्यावर १०० किलोचा भार, असे धरू. जमीन गुळगुळीत असेल व पट्ट्या बिजागरीच्या तीन फूट खाली असतील, तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर मिळून सुमारे ३३ किलोची ओढ पडते. त्याच पट्ट्या दोन फुटांवर लावल्या तर ओढ ५० किलो, आणि एकाच फुटावर लावल्या तर १०० किलो. म्हणजे पट्टी जितकी वर, तितकी ती अधिक बळकट हवी. काही स्वस्त शिड्यांत पट्टी वर लावून वर पातळ पत्र्याची केलेली असते. ती खरेदी स्वस्त नव्हे.

जमीन खरखरीत असेल तर या ओढीतील काही भाग ती उचलते. परंतु धान्याच्या वखारीत जमीन क्वचितच कोरी असते. सांडलेला हरभरा, वाटाणा अथवा मसूर पायाखाली आला की तो गोट्यांसारखा फिरतो, आणि जमिनीचा आधार नाहीसा होऊन सारा भार त्या पट्टीवर येतो. सराफ बंधूंच्या अथवा कापड दुकानदारांच्या जागेत ही अडचण नाही. आम्हा धान्यवाल्यांच्या जागेत ती बारमाही आहे. यास्तव शिडी मांडण्यापूर्वी केरसुणी फिरवावी, आणि चारही पायांच्या रबरी टोप्या शाबूत आहेत की नाहीत हे पाहावे.

आता वजनाचा विचार. अमेरिकेतील मानकांत शिड्यांचे भारानुसार वर्ग पाडलेले आहेत : घरगुती शिडी सुमारे ९० किलो, मध्यम १०२, भारी ११३, आणि त्यांवरील दोन वर्ग १३६ व १७० किलोंचे. युरोपातील मानकात १५० किलोंची मर्यादा धरलेली आहे. आपल्या देशातही शिड्यांच्या सुरक्षिततेविषयी भारतीय मानक उपलब्ध आहे. हमालाचे वजन ६० किलो धरले आणि त्याच्या पाठीवर ५० किलोचे पोते असले, तर एकूण भार ११० किलो होतो. म्हणजे घरगुती व मध्यम या दोन्ही वर्गांच्या शिड्या तेथेच बाद झाल्या. आमचे स्पष्ट मत असे की घडीच्या शिडीवरून पोते चढवूच नये. पोत्यांची चढउतार थप्पीतच पायऱ्या सोडून अथवा भक्कम फळी टाकून करावी. शिडी ही पोती मोजण्यासाठी, नमुना काढण्यासाठी, ताडपत्री पसरण्यासाठी व दिवा बदलण्यासाठी. शिडीवर असताना दोन पाय व एक हात, अथवा दोन हात व एक पाय, सदैव शिडीला लागलेले असावेत, असा नियम आहे. पोते धरणाऱ्यास तो पाळता येणे शक्य नाही.

हे सारे लिहिण्यास जे कारण घडले ते नावगाव न सांगता येथे नमूद करतो. काही वर्षांपूर्वी एका पेढीवरील घोड्याची पट्टी तुटली. दुरुस्तीस वेळ नाही म्हणून तिच्या जागी पोती शिवण्याची सुतळी दुहेरी करून बांधली गेली. ती दोन वर्षे टिकली, आणि टिकली म्हणूनच कोणास तिची आठवण राहिली नाही. दिवाळीपूर्वीच्या झाडलोटीत माळ्यावरील डबे उतरविताना सुतळी तुटली, पाय फाकले, आणि त्यावर उभा असलेला हमाल खाली आला. त्याच्या टाचेचे हाड मोडले. हाड सांधले, परंतु पाठीवर ओझे घेण्याची शक्ती परत आली नाही. ज्या हातांनी रोज शेकडो पोती हलविली ते हात आज एका इमारतीच्या फाटकाशी नोंदवही घेऊन बसतात. मुलाने शाळा सोडून बापाच्या जागी हमाली धरली. एका पट्टीची किंमत ती काय! परंतु तिचा खर्च त्या कुटुंबाने एका पिढीच्या शिक्षणाने भरला.

म्हणून खरेदीच्या व वापराच्या वेळी ध्यानात ठेवण्याच्या काही गोष्टी सांगतो. शिडीवर भाराचा आकडा छापलेला नसेल तर ती घेऊ नये. घोडा मिटलेल्या स्थितीत भिंतीस टेकवून त्यावर चढू नये. तो त्या कामासाठी केलेला नसतो. अगदी माथ्यावर व त्याखालील पायरीवर उभे राहू नये. लाकडी शिडीस रंग देऊ नये, कारण रंगाखाली चीर दडते. तेल अथवा पारदर्शक रोगण द्यावे. विजेच्या कामास ॲल्युमिनियमची शिडी वापरू नये. त्यासाठी फायबरग्लासची असते. घडी मिटताना बोटे सांध्यापासून दूर ठेवावीत, आणि घरात मुले असतील तर शिडी उभी न ठेवता आडवी टांगावी. रिव्हेट सैल झालेली, पट्टी वाकलेली अथवा पायरी तडकलेली शिडी दुसऱ्या कोणास देऊ नये व भंगारातही अखंड घालू नये. ती कापून टाकावी, अन्यथा ती कोणा गरिबाच्या पायाखाली पुन्हा उभी राहते.

शेवटी संघाच्या सभासदांपुढे एक नम्र सूचना ठेवतो. दिवाळीत आपण वहीपूजन करतो. तत्पूर्वी दुकान झाडतो, काटे व मापे तपासतो. काट्यात चूक राहिली तर गिऱ्हाइकाचे धान्य कमी जाते, म्हणून ती तपासणी आपण धर्म मानतो. त्याच दिवशी, झाडलोट सुरू होण्यापूर्वी, मालकाने स्वतः उठून आपली शिडी उघडावी, पट्टी हाताने ओढून पाहावी, टोप्या मोजाव्यात, आणि तपासल्याची तारीख शिडीच्या दांड्यावर लिहावी. या कामास पाव तासही लागत नाही. ज्या शिडीवर आपण आपल्या मुलास चढविण्यास कचरू, तीवर हमालास चढविण्याचा अधिकार आपणांस नाही, एवढे जरी वाचकांच्या मनात राहिले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.